पाठीवर पिशवी, ब्रिस्बेन ते केर्न्स: सल्ला हवाय

पाठपिशवी | १६ मार्च २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा (४६२ नंबरचा) मिळालाय. भारतीयांसाठी हा २०२४मध्ये सुरू झाला. वर्षाला १,००० जागा, २५ डॉलर भरून सोडतीत नाव टाकायचं. म्हाडाच्या सोडतीत आमच्या खानदानात कुणाला कधी काही लागलं नाही, मला हे लागलं. वय २८, एकटी, पुण्यातली नोकरी सोडून. वर्षभर राहता येतं, कामही करता येतं, पण आधी फिरायचंय.

बेत असा: चुलतबहिणीचं लग्न उरकून डिसेंबरअखेर ब्रिस्बेनला उतरायचं. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने वर केर्न्सपर्यंत, दहा दिवसांत. रोज एक गाव, रोज समुद्रात डुंबायचं. मग केर्न्सला काम शोधायचं. फिरण्यासाठी तीन हजार डॉलर बाजूला काढलेत. अंडं खाते, मांस-मासे नाही. पोहायला विहिरीत शिकले, म्हणजे दम आहे, लाटांची सवय नाही.

गाव वाळवा तालुक्यात. घरासमोर ऊस, घरामागे ऊस. एक वर्ष तरी डोळ्यांसमोर निळं काहीतरी हवंय, एवढीच इच्छा. बेतात काय चुकतंय ते सांगा. बस घेऊ की गाडी, तेही सांगा.

गाबाशेजारी | १७ मार्च, सकाळी ५:१५

अभिनंदन. ब्रिस्बेनमध्ये अठरा वर्षं काढली, त्या हक्काने सांगतो: दहा दिवस वाचून हसलो, राग मानू नका.

ब्रिस्बेन-केर्न्स ज्या राज्यात येतात ते क्वीन्सलँड म्हणजे सव्वासतरा लाख चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र त्यात पाच वेळा बसून वर जागा उरते. ब्रिस्बेन ते केर्न्स रस्त्याने सुमारे १,७०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून दिल्ली ओलांडून पुढे. आणि केर्न्स हे टोक नव्हे, तिथून खरं टोक अजून हजारभर किलोमीटर वर आहे. दहा दिवसांत तुम्हाला बसची खिडकी दिसेल. चार आठवडे ठेवा.

दुसरं, डिसेंबर-जानेवारी विसरा. गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'सनशाइन स्टेट' लिहिलेलं असतं, जानेवारीत त्या प्लेटवरून पाणी गळत असतं. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा मोसम. याच फेब्रुवारीत टाउन्सव्हिल-इंगमकडे पूर आला, ओलेरा क्रीकचा पूल वाहून गेला आणि उत्तरेकडे जाणारा ब्रूस हायवे तुटला. गेल्याच आठवड्यात आल्फ्रेड वादळ इथे ब्रिस्बेनच्या दारात येऊन गेलं. गोल्ड कोस्टची वाळू समुद्राने अशी ओढून नेलीय की चौपाटीच्या जागी उभा कडा दिसतो. जून ते ऑगस्ट या. कोरडी हवा, निळं आकाश.

आणि इथे लोक 'कॅन्झ' म्हणतात. तुम्ही केर्न्स म्हणालात तरी तिकीट मिळेल.

पाटी_वाचा | १७ मार्च, सकाळी ९:०३

नोकरी सोडून परदेशात शेतमजुरी करायला जाणे याला हल्ली फिरणे म्हणतात असे दिसते. समुद्रच पाहायचा तर आंजर्ल्याला जा, स्वस्तात पडेल.

पाठपिशवी | १७ मार्च, सकाळी ९:४०

@पाटी_वाचा, आंजर्लं बघून झालंय. दोनदा.

@गाबाशेजारी काका, धन्यवाद! लग्नाला दांडी मारली तर बहीण जन्मभर बोलणार नाही, पण विचार करतेय.

नाखवा | १७ मार्च, दुपारी १:२०

मी अलिबागचा, जहाजावर. कोळसा भरायला मॅकायजवळच्या हे पॉइंट बंदरात पाच-सहा खेपा झाल्यात. आमची जहाजं नांगरावर ताटकळत, समोर पाणी आरशासारखं, डोक्यावर ऊन. नव्या पोरांना वाटायचं सूर मारावा. कप्तानाची सक्त ताकीद: पाण्यात बोटसुद्धा बुडवायचं नाही.

मुली, तू लिहिलंस 'रोज समुद्रात डुंबायचं'. तेवढंच खोडून टाक. तिकडचा समुद्र बघायचा आहे, शिरायचा नाही. उत्तरेकडे नोव्हेंबर ते मे बॉक्स जेलीफिश. पारदर्शक, पाण्यात दिसत नाही, दोऱ्या तीन-तीन मीटर लांब, अंगाला लागल्या तर माणूस मिनिटांत जाऊ शकतो. दुसरी इरुकांजी, नखाएवढी. ती चावल्याचं कळतसुद्धा नाही, अर्ध्या तासाने कंबर आणि पाठ पिळवटायला लागते. म्हणून तिकडे चौपाट्यांवर खांबाला व्हिनेगरची बाटली अडकवलेली असते. ती कोशिंबिरीसाठी नव्हे. दंश झाला की लगेच ॲम्ब्युलन्स बोलवायची आणि तेच ओतायचं. खाली ब्रिस्बेनच्या बाजूला मात्र ब्लूबॉटल असते. आपल्याकडे श्रावणात जुहूला निळ्या पिशव्या वाहून येतात, त्याच. तिला व्हिनेगर लावायचं नाही, सोसेल तितकं गरम पाणी.

ही झाली मोसमी भानगड. मगर बारा महिने. ग्लॅडस्टनपासून वर प्रत्येक नदीचं, खाडीचं तोंड तिचंच धर. पाटी नाही म्हणजे मगर नाही असं समजू नकोस.

आणि लाटांची काळजी सोड. बाहेर २,३०० किलोमीटरचा बांध घातलाय ना निसर्गाने, ग्रेट बॅरिअर रीफ. मोठी लाट तिथेच फुटते. रीफमधल्या हायड्रोग्राफर्स पॅसेजमधून जहाज काढायचं तर तिथला पायलट घ्यावाच लागतो. तो हेलिकॉप्टरने डेकवर उतरतो, चहा पितो आणि कामाला लागतो. लाटांवर खेळायचं असेल तर ॲग्नेस वॉटरपर्यंत खेळून घे, त्याच्या वर समुद्र खाडीसारखा.

पैज लावतो: महिनाभरात खऱ्या समुद्रात दहा वेळासुद्धा उतरणार नाहीस.

पाठपिशवी | १७ मार्च, दुपारी २:०५

लागली. मोजून सांगते.

झणझणीत | १७ मार्च, रात्री ८:५०

आम्ही दोघांनी दोन वर्षांपूर्वी व्हॅन घेऊन हा रस्ता केलाय. तुम्ही एकट्या आहात, बस घ्या. व्हॅनचं भाडं, पेट्रोल, विमा हे दोघांत वाटलं तर परवडतं. बसचा दिवस मोजणारा पास मिळतो, तेवढ्या दिवसांत कुठेही चढा-उतरा. रेल्वे पण आहे, ब्रिस्बेन-केर्न्स साधारण एका दिवसाचा प्रवास. पण रेल्वे स्टेशन आणि चौपाटी यांचं तिकडे फारसं जमत नाही.

गाडी चालवावीशी वाटलीच तर आपलं इंग्रजीतलं लायसन्स फिरायला आलेल्यांना चालतं, आणि गाडी डावीकडूनच असते. फक्त सूर्य कलला की थांबा. कांगारू संधिप्रकाशात रस्त्यावर येतात आणि भाड्याच्या कितीतरी गाड्यांचा विमा गावाबाहेर रात्री चालतच नाही. ब्रूस हायवेवर झोप लागू नये म्हणून सरकारने कोड्यांच्या पाट्या लावल्यात. 'क्वीन्सलँडचा सर्वांत उंच डोंगर कोणता?' आणि काही किलोमीटर गेल्यावर उत्तर: बार्टल फ्रिअर. आम्ही एका उत्तरासाठी भांडलो, नवऱ्याने मुद्दाम वेग कमी केला.

खाण्याचं: हॉस्टेलचं स्वयंपाकघर म्हणजे सोनं. प्रत्येक ठिकाणी एक 'फुकट' फळी असते. विमान पकडणारी मंडळी उरलेला तांदूळ, अर्धी तेलाची बाटली, मीठ तिथे ठेवून जातात. आधी ती फळी बघायची, मग दुकानात जायचं. मी तीन आठवडे मीठ विकत घेतलं नाही. तुमची पिशवी फ्रिजमध्ये ठेवताना नाव आणि जायची तारीख लिहा, नाहीतर सफाईवाले फेकतात. अंडी, कोबी, मसूर सगळीकडे मिळतात. गोडा मसाला सीलबंद पाकिटात न्या आणि विमानातल्या कार्डावर 'खाद्यपदार्थ आहेत' वर बिनदिक्कत हो म्हणा. घरचं तूप, पेढे, बिया यांच्या नादी लागू नका. लपवलं तर दंड, दाखवलं तर फार तर ठेवून घेतील.

चिंतातुर_आई | १८ मार्च, सकाळी ११:११

माझी मुलगीही असंच काही बोलतेय म्हणून वाचते आहे. आठ-आठ जणांच्या खोलीत मुलंमुली एकत्र झोपतात हे खरं का? आणि दारू? घरचे कसे तयार झाले तुमचे?

झणझणीत | १८ मार्च, दुपारी १२:३०

ताई, खरं आहे, पण फक्त मुलींची खोलीही बऱ्याच ठिकाणी असते, चार-पाच डॉलर जास्त. दारू असते. 'गून' म्हणून खोक्यातली स्वस्त वाइन, आतली चंदेरी पिशवी काढून तिचीच उशी करून झोपलेले वीर आम्ही पाहिलेत. बहुतेक बिचारे घाबरट असतात. कुलूप स्वतःचं न्यायचं, बाकी आपण आपल्या तालात राहायचं.

गाबाशेजारी | १८ मार्च, संध्याकाळी ६:४५

सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर. दारूपेक्षा आगीची काळजी करा. बंडाबर्गजवळ चिल्डर्स नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या जुन्या लाकडी हॉटेलचं बॅकपॅकर हॉस्टेल केलेलं होतं, भाजीच्या मळ्यांवर काम करणारी पोरं राहायची. २३ जून २०००च्या रात्री एकाने आग लावली. घंटा वाजलीच नाही. १५ जण गेले, सगळे तरुण, वेगवेगळ्या देशांतले. त्यानंतर क्वीन्सलँडमध्ये स्वस्त निवासांचे आगीचे नियम कडक झाले. इमारत पुन्हा उभी केली, आत त्या पंधरा जणांचं एक मोठं चित्र आहे. मी पाहिलंय. पोरं शेतात काम थांबवून जरा टेकली आहेत, एवढंच.

तेव्हा कुठेही राहा, पहिल्या रात्री बाहेर पडायचे दोन रस्ते पायाने चालून बघा.

आणि हो, मला काका म्हणू नका. तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनीच मोठा आहे.

आकडेमोड | १८ मार्च, रात्री ९:२०

टाउन्सव्हिलमध्ये हिशेबाची कामं करतो. पैशाचं थोडक्यात.

टॅक्स फाइल नंबर (आपल्या पॅनसारखा) फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. देशाचं किमान वेतन जुलै २०२४पासून तासाला २४.१० डॉलर, हंगामी कामाला त्यावर २५ टक्के जास्त. जुलैत वाढतं. तुमच्या व्हिसावर पहिल्या ४५,००० डॉलरवर सरसकट १५ टक्के कर. मालक सुपर म्हणजे आपल्या पीएफसारखा भाग वेगळा भरतो, तो देश सोडताना काढता येतो, पण त्यातले ६५ टक्के सरकार कापून घेतं. रडू नका, सगळेच रडतात.

मळ्यावर 'पेटीमागे इतके' असा दर सांगतील. पूर्वी त्यात पोरं नागवली जायची. एप्रिल २०२२पासून पेटीचा दर असला तरी तासाचं किमान वेतन द्यावंच लागतं. तास लिहून ठेवा, रोज, वहीत.

एका मालकाकडे साधारण सहा महिनेच. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर तीन महिने ठरावीक प्रकारचं काम लागतं. त्यात ४६२वाल्यांना एक सवलत आहे: मकरवृत्ताच्या वर हॉटेल-पर्यटनातलं कामही धरतात. मकरवृत्त रॉकहॅम्प्टनमधून जातं. म्हणजे हंडे-भांडी घासायचीच असतील तर रॉकहॅम्प्टनच्या वर घासा.

पाठपिशवी | २ एप्रिल, रात्री ११:३०

तिकीट काढलं. १४ जून. बहीण बोलत नाहीये. बेत आता चार आठवड्यांचा.

@चिंतातुर_आई, घरचे तयार झालेले नाहीत, फक्त थांबवलेलं नाहीये. अण्णांचा एकच प्रश्न: "तिकडं पिकतं काय?"

पाठपिशवी | २४ जून, संध्याकाळी ७:१०

रेनबो बीचवरून लिहितेय. बोटं गारठलीत. कुणीही सांगितलं नाही की सनशाइन स्टेटात जूनमध्ये रात्री स्वेटर लागतो!

ब्रिस्बेनला पाच दिवस. बस, रेल्वे, फेरी, कशाचंही तिकीट पन्नास सेंट, कितीही लांब. (विमानतळाची रेल्वे तेवढी वेगळी, तिथे खिसा कापतात.) पन्नास-पन्नास सेंटांत गोल्ड कोस्टला जाऊन आले. वाळूचा कडा अजून आहे, मी त्याच्याखाली उभी राहिले तर डोक्याच्या वर वाळू. समुद्रस्नान क्रमांक १ तिथे. पाणी थंडगार. पिवळ्या-लाल झेंड्यांच्या मध्येच उतरले, नाखवा, शपथ.

मग क्गारी. पूर्वीचं फ्रेझर आयलंड, २०२३मध्ये बुचुल्ला लोकांचं मूळ नाव अधिकृतपणे परत आलं. उच्चार नुसता 'गरी'. जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट, सव्वाशे किलोमीटर लांब, आणि त्या वाळूवर घनदाट जंगल. रस्ता म्हणजे चौपाटीच. आठ जणी-जण एका जीपमध्ये, पुढे गाइडची गाडी, मागे आम्ही. महेनो नावाच्या जहाजाचा सांगाडा १९३५पासून वाळूत पडून आहे, गंजून नारिंगी झालाय. हात लावला तर पापुद्रा सुटतो, म्हणून लावू देत नाहीत.

गंमत बघा: 'पंच्याहत्तर मैल' नावाची लांबच लांब चौपाटी, आणि समुद्रात कुणी उतरत नाही. ओढ आणि शार्क. सगळे आत जंगलातल्या तळ्यावर जातात. मॅकेन्झी तळं, नुसतं पावसाचं पाणी, पांढरी वाळू. मी विहिरीत मारायचे तसा सूर मारायला निघाले, गाइड ओरडला, इथे सूर मारून मान मोडलेली माणसं आहेत म्हणे. हळूच शिरले. नाखवा, तळं मोजायचं का?

रात्री डिंगो तंबूजवळून गेला. आपल्या गावठी कुत्र्यासारखाच, पण शेपूट हलवत नाही. पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, खाणं गाडीत कुलपात.

नाखवा | २४ जून, रात्री ८:००

तळं मोजायचं नाही. एक.

पाठपिशवी | ३ जुलै, रात्री ९:५५

बंडाबर्ग. मंडळी, फसवलंत मला!

ब्रूस हायवे समुद्राच्या काठाने जात नाही. आत आत जातो. आणि बसच्या दोन्ही खिडक्यांतून काय दिसतं? ऊस. वाळव्यातून साडेनऊ हजार किलोमीटरहून जास्त लांब येऊन ऊस! शेजारी बसलेल्या जर्मन पोरीला मी म्हटलं, हे बघायला मी नोकरी सोडली. तिला विनोद कळला नाही.

पण खरं सांगते, दुसऱ्या दिवशी खाली उतरून बघितलाच. गाळप हंगाम चालू आहे, जून ते नोव्हेंबर-डिसेंबर. फडात एक माणूस नाही. यंत्र येतं, ऊस उभाच्या उभा गिळतं, वीतभर कांड्या करून शेजारून चालणाऱ्या गाडीत ओततं. ना कोयता, ना टोळी, ना बैलगाडी, ना वाढे गोळा करणाऱ्या बाया. मग लहानशा रेल्वेचे डबे भरतात. दोन फुटी रूळ, आपल्या माथेरानच्या गाडीएवढेच, आणि थेट फडातून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत जातात. असे चारेक हजार किलोमीटर रूळ आहेत या राज्यात. फाटकावर थांबून मी डबे मोजले. एकशे बारा. अण्णांना व्हिडिओ पाठवला.

मॉन रेपो चौपाटीवर गेले होते. कासवं नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे माझी हुकली. पण तिथे काळ्या दगडांचा एक गडगा आहे, चुन्याशिवाय रचलेला, कंबरेएवढा. हे शेत साफ करताना निघालेले दगड. रचले ते दक्षिण समुद्रातल्या बेटांवरून आणलेल्या मजुरांनी. १८६३पासून चाळीसएक वर्षांत ६२,००० माणसं आणली उसासाठी, काही कराराने, काही फसवून, काही सरळ पळवून. नंतर 'गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया' ठरला तेव्हा बहुतेकांना परत बोटीत घातलं. आमच्याकडे बीडकडच्या टोळ्या येतात, खोप्या बांधतात, हंगाम संपला की जातात. लहानपणी त्यांच्यातली एक पोरगी दोन महिने माझ्या वर्गात होती. तिचं नाव आठवायचा प्रयत्न केला त्या गडग्यापाशी. आठवलं नाही.

आकडेमोड | ४ जुलै, सकाळी ७:३०

छान लिहिताय. किमान वेतन १ तारखेपासून २४.९५ झालंय, हंगामी धरून ३१.१९. काम शोधताना लक्षात असू द्या.

पाठपिशवी | १३ जुलै, रात्री १०:२०

आधी तक्रार. मधल्या एका गावात, नाव घेत नाही, काम मिळवून देणाऱ्या हॉस्टेलात उतरले. 'आठवड्याचं भाडं आगाऊ भरा, काम उद्यापासून.' उद्या म्हणाले ऊन नाही, परवा म्हणाले माल तयार नाही. सहा दिवस सकाळी साडेचारला बूट घालून पायऱ्यांवर बसले. माझ्यासारखी अजून चौदा जणं. त्यातल्या एका आयरिश मुलाने सांगितलं की मळ्यावर आधीच माणसं पुरेशी आहेत, आपलं काम भाडं भरणं हेच आहे. अनामत रक्कम परत मागायला गेले तर खोलीच्या चादरीवर डाग दाखवला. माझ्या आधीचा. फोटो पहिल्या दिवशीच काढून ठेवला होता (आईची शिकवण, लग्नाच्या कार्यालयातल्या भांड्यांचे ती असेच काढते), म्हणून पैसे मिळाले.

@पाटी_वाचा, तुम्हाला आनंद होईल म्हणून हे सविस्तर लिहिलं.

बाकी झकास. ॲग्नेस वॉटरला सर्फिंगचा धडा, २ आणि ३. एअर्ली बीचवरून बोटीने दोन रात्री व्हिट्संडे बेटं. एकूण ७४ आहेत, वस्ती मोजक्यांवर. व्हाइटहेवनची वाळू ९८ टक्के सिलिका, भर उन्हातही पायाला चटका बसत नाही. दात घासायच्या पावडरीसारखी कुरकुरते. तिथे ४. मोसम नसतानाही काळा जेलीफिशचा सूट घालायला लावला, नखशिखान्त. आरशात पाहिलं तर ओली वांगी. रीफवर तोंडात नळी घालून पाण्यावर पडले, ते ५. खाली पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता आणि त्याचा आवाज येत होता, स्पष्ट, कुणी शेजारी खडीसाखर चावावी तसा. रंगांचं खूप ऐकलं होतं, आवाजाचं कुणी सांगितलं नव्हतं.

पाटी_वाचा | १४ जुलै, सकाळी ८:१५

आनंद झाला नाही. अनामत परत मिळवलीत हे उत्तम केलेत.

पाठपिशवी | २६ जुलै, रात्री ९:३०

केर्न्स. पोचले. पाच आठवडे लागले, दहा दिवस म्हणे!

मधलं भराभरा: टाउन्सव्हिलसमोर मॅग्नेटिक आयलंड. कूकचं होकायंत्र १७७०मध्ये तिथे बिघडलं असं त्याला वाटलं म्हणून हे नाव. जुन्या लष्करी चौक्यांच्या वाटेवर कोआला पाहिला, झोपलेला. अर्धा तास पाहिला, अर्धा तास झोपलेला. टली गावात एक भलामोठा सोनेरी गमबूट उभा केलाय, ७.९ मीटर उंच, कारण १९५०मध्ये तिथे तेवढा पाऊस पडला. आमच्या आंबोलीवाल्यांनी बघावा. मिशन बीचला ६. रस्त्यावर कॅसोवरी पक्षी दिसला, माणसाएवढा, निळ्या मानेचा. सगळ्या गाड्या निमूट थांबल्या.

आता केर्न्सचं. मला वाटलं होतं शेवटी एक भव्य चौपाटी असेल. इथे चौपाटीच नाही. शहरासमोर चिखल, त्यात बगळे, पाटीवर मगर. आणि त्या चिखलाला लागून पालिकेने बांधलेला खाऱ्या पाण्याचा मोठा तलाव, फुकट, रात्री दिवे. सगळं गाव त्यात. असाच एअर्ली बीचला होता, टाउन्सव्हिललाही कातळात बांधलेला, ब्रिस्बेनला नदीकाठी. लोक समुद्राकडे तोंड करून टाकीत पोहतात. माझी तर विहीरच झाली ती. गेले आठ दिवस रोज जातेय आणि लाज सोडून सांगते, समुद्रापेक्षा जास्त मजा तिथे आली. एक आजी रोज सहाला येतात, उलट्या पोहतात, आकाशाशी बोलतात.

नाखवा | २६ जुलै, रात्री ११:४०

म्हणजे सहा. पैज जिंकली मी. अलिबागला आलीस की पापलेट... नाही, तू खात नाहीस. सोलकढी.

पाठपिशवी | ३० ऑगस्ट, रात्री ८:३५

बरेच दिवस इकडे फिरकले नाही कारण काम लागलंय! खाली परत आले, बर्डेकिन भागात एअर नावाचं गाव. ढोबळी मिरची आणि भोपळ्याच्या पॅकिंग शेडमध्ये. तासावर पगार, आकडेमोडांनी सांगितल्याप्रमाणे वही आहे. मुकादमीण फिजीची, हिंदी बोलते, पण तिची हिंदी आणि माझी हिंदी एकमेकींना अधूनमधूनच भेटतात.

आणि हो, ऊस. चारी बाजूंना. राज्यात इतर ठिकाणी बहुतेक हिरवाच तोडतात, इथे अजून आधी फड पेटवतात. संध्याकाळी सहाच्या सुमाराला एकदम नारिंगी भिंत उभी राहते, दहा-पंधरा मिनिटांत संपते. मग काळ्या राखेच्या सुरळ्या हलकेच खाली येतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर. इथले लोक त्याला 'बर्डेकिनचा बर्फ' म्हणतात. परवा दोरीवरून माझा पांढरा टीशर्ट काढला, राखेला हात लागला आणि वास आला, तो थेट आमच्या मागच्या परड्याचा. तिथेच बसले थोडा वेळ.

अण्णांचे रोज प्रश्न. काटा कुठे होतो? टनाला काय देतात? शेडच्या मालकाचा भाऊ ऊसवाला, त्याला विचारलं. तो म्हणाला, प्रत्येक शेतकऱ्याच्या उसाची साखर वेगळी तपासतात, ज्याचा उतारा जास्त त्याला दर जास्त. हे सांगितल्यावर अण्णा फोनवर इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं लाइन गेली. आमच्याकडे अख्ख्या कारखान्याचा सरासरी उतारा धरतात ना. मग म्हणाले, "त्याला विचार, हुमणीला काय करतो."

विचारलं. हुमणी हे त्याला कसं सांगायचं? जमिनीत पांढरी अळी काढून दाखवली, चित्र. तो हसायला लागला आणि शेडच्या दिव्याखाली बोट दाखवलं. तिथे ताटलीएवढा चामखिळ्या बेडूक बसला होता. रोज असतो, मी आंघोळीला जाताना त्याला ओलांडून जाते. तर म्हणे १९३५मध्ये याच हुमणीचे भुंगे खायला हवाईहून शंभरेक बेडूक आणून केर्न्सच्या बाजूला पैदास करून सोडले. बेडकांनी भुंगा सोडून बाकी सगळं खाल्लं, विषारी असल्यामुळे त्यांना खाणारे मेले, आणि आता ते उत्तर ऑस्ट्रेलियाभर पसरलेत. हुमणी आहे तिथेच आहे.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तिकडंबी शासकीय योजनाच."

झणझणीत | ३० ऑगस्ट, रात्री ९:१५

हसून हसून पुरेवाट. अण्णांना इथे खातं उघडून द्या.

चिंतातुर_आई | ३१ ऑगस्ट, सकाळी १०:०५

मुलीने पुढच्या सोडतीत नाव टाकायचं ठरवलंय. ते कुलूप किती मोठं न्यायचं म्हणालात?

पाठपिशवी | ३१ ऑगस्ट, दुपारी ३:४०

काकू, आकड्यांचं घ्या, किल्लीचं नको. कडी बारीक हवी, लॉकरची भोकं लहान असतात. माझं जाड निघालं, पहिल्या तीन रात्री पिशवी पायाला बांधून झोपले.